बरणीभोवतीचा कागद

रुवीतल्या आमच्या दातांच्या दवाखान्यात
काउंटरवर एक छोटा पडदा आहे. त्यावर पाच चेहरे,
लाल रुसलेल्यापासून हिरव्या हसऱ्यापर्यंत.
दाढ काढून घेतलेली माणसंही
गालाला कापूस धरून हिरव्यावरच बोट ठेवतात.
मॅनेजर मला विचारतो, सगळं ठीक?
सगळं ठीक.
रेसिडेंट कार्डावरच्या फोटोतसुद्धा मी ठीकच दिसते.

नणंद वर्षातून दोनदा लोणचं पाठवते,
येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून,
आणि बरणी फुटू नये म्हणून तिच्याभोवती
रविवारच्या पुरवण्या, चार-पाच थर.
लोणचं नवऱ्याचं. कागद माझे.

शुक्रवारी दुपारी,
मशिदीबाहेरच्या चपला पांगल्या की
मी ते कागद टॉवेलखाली घालून इस्त्रीनं सपाट करते
(मेथीचा वास सुटतो)
आणि वाचायला बसते.

एक बाई हॉटेलांवर लिहिते.
‘वेटर इतका आदबीनं वाकला
की त्याचा अंगठा आमटीत बुडाला.
आमटीला जी काय चव होती, ती त्या अंगठ्याची.’
मी एवढ्यानं हसले की नवरा बाहेर आला.
त्यालाही वाचून दाखवलं.
तो म्हणाला, कुठेशी आहे हे हॉटेल?
पानावरची तारीख तीन वर्षांपूर्वीची.
हॉटेल कधीच बंद पडलं असेल. अंगठा ताजा आहे.

दुसऱ्या कागदावर एक मंत्री, अर्धा फाटलेला:
‘पुलाचं उद्घाटन साहेबांनी दोनदा केलं,
समारोप नदीनं एकदाच.’
हे मी मनातल्या मनात वाचलं,
तरी आधी उठून खिडकी लावली.
पूल तिकडचा, नदी तिकडची,
इथे तर नदीच नाही.
सवय, दुसरं काय.

तिसऱ्यावर एक कादंबरी, सहाशे पानांची.
‘नायक विहिरीत उडी घेतो पान चारशे बाराला.
वाचक केव्हाचा काठावर उभा आहे.’
लेखकाच्या नावावर नेमका तेलाचा डाग.
बिचारा वाचला.

थोडी दुष्ट आहे मी, ते आहेच.
पण हेही मोजते, की त्या माणसानं
चारशे बारा पानं वाचली, आणि पुढचीही.
ती बाई उपाशीपोटी गेली होती त्या हॉटेलात,
काहीतरी चांगलं मिळेल म्हणून.
हिरव्यावर बोट ठेवायला
किती वेळ लागतो?

मग दिवाळीत मंडळाच्या स्मरणिकेत
माझीच कविता छापून आली. वाळूवर.
हॉलमध्ये सगळे म्हणाले, छान.
चिवडा खाता खाता छान, चिवडाही छान.
दामोदर वारंग तेवढे पार्किंगमध्ये थांबले होते.
मिस्फाच्या काँक्रीट प्लांटवर एकवीस वर्षं
माल तपासतात.
म्हणाले, पहिली ओळ खरी आहे.
पुढची वाळू चाळलेली नाही.
आमच्याकडे आली असती तर
मी ट्रक परत पाठवला असता.

असा संताप आला की
वादी कबीरला वळायचं सोडून
मी सरळ कुरुमपर्यंत गाडी नेली.
समुद्राशी थांबले. कविता काढली.
गाडीतल्या पिवळ्या दिव्यात वाचली
आणि त्या अंगठ्याच्या वेळी हसले होते तशीच,
एकटीच, मोठ्यानं हसले.
ट्रक खरंच परत पाठवण्यासारखा होता.

रविवारी एक म्हातारे ओमानी गृहस्थ
पडद्यापुढे बराच वेळ उभे राहिले.
मग लालवर बोट ठेवलं, आणि माझ्याकडे वळून
सावकाश, एकेक शब्द तोलून सांगितलं:
खुर्ची कुरकुरते,
आणि डॉक्टर माझ्या दाताशी कमी,
फोनशी जास्त बोलतो.

मला इतका आनंद झाला
की मी माझा खजुरांचा डबा उघडून
त्यांच्यापुढे धरला.
त्यांनी तोंडातल्या कापसाकडे बोट दाखवलं.